एंडोमेट्रिओसिसची चाचणी आणि ‘नाही’ या उत्तराची जबाबदारी

पाळीत दर महिन्याला दोन-तीन दिवस अंथरूण धरणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला घरचे शेवटी एकदा डॉक्टरांकडे नेतात. पोटावरून सोनोग्राफी होते. गर्भाशय नॉर्मल, दोन्ही अंडाशये नॉर्मल. आईला हायसे वाटते, वडिलांना पैसे वाया गेल्यासारखे वाटतात आणि मुलीची बाजू मात्र आणखी लंगडी पडते. आतापर्यंत तिच्या दुखण्यावर नुसती शंका घेतली जात होती, आता तिच्याविरुद्ध छापील कागद आहे. पुढच्या महिन्यात ती कळवळली की उत्तर तयार असते, ‘अगं, सगळं तपासलं ना? काही नाहीये तुला.’

एंडोमेट्रिओसिस हा आजार लवकर ओळखता यावा म्हणून रक्तात, लाळेत, लघवीत आणि पाळीच्या स्रावात त्याच्या खुणा, म्हणजे बायोमार्कर, शोधण्याचे काम जगभर चालले आहे. सुईच्या एका टोचणीत किंवा थुंकीच्या एका नमुन्यात निदान होईल, अशा बातम्या अधूनमधून येतात. त्या वाचताना मला आधी तो सोनोग्राफीचा कागद आठवतो. अशी चाचणी हवीच, याविषयी माझ्या मनात संशय नाही. ती भारतीय मुलींवर पारखून आली पाहिजे, असाही माझा आग्रह आहे. पण ती चांगली की वाईट हे ठरवताना ती किती जणींना अचूक ‘हो’ म्हणते एवढेच पाहून चालणार नाही. ती ज्या मुलीला ‘नाही’ म्हणेल तिचे पुढे काय होईल, हा प्रश्न आपल्या समाजात त्याहून मोठा आहे, आणि संशोधनाची आखणी करतानाच तो विचारायला हवा.

या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढते. ओटीपोटाच्या आतल्या पातळ पडद्यावर, अंडाशयावर, आतड्यावर, मूत्राशयावर तिचे ठिपके किंवा गाठी होतात. संप्रेरकांच्या चढउताराबरोबर तिथेही हालचाल होते, दाह होतो, नवे मज्जातंतू फुटतात, अवयव एकमेकांना चिकटतात. पाळीचे काही रक्त बीजनलिकांमधून उलटे पोटात जाते आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात, असे जॉन सॅम्पसन या अमेरिकी शल्यचिकित्सकाने १९२७ साली मांडले. पण असे उलटे वाहणे बहुतेक स्त्रियांत होते आणि आजार मात्र त्यातल्या थोड्यांनाच होतो, त्यामुळे एवढ्या स्पष्टीकरणाने भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के, म्हणजे जगात १९ कोटी मुली आणि स्त्रिया या आजारासह जगत आहेत. भारतासाठी चार कोटींच्या आसपासचा आकडा सांगितला जातो. तो मुख्यतः त्याच दहा टक्क्यांचा गुणाकार आहे, दारोदार जाऊन केलेली मोजणी नव्हे.

ओटीपोटाच्या पडद्यावरचे बारीक ठिपके सोनोग्राफीत सहसा दिसत नाहीत. अंडाशयातली चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ, दिसते, खोलवर गेलेल्या गाठी अनुभवी हाताला योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत आणि एमआरआयमध्ये दिसतात. आपल्याकडे अविवाहित मुलीची योनिमार्गातून सोनोग्राफी बहुधा सुचवलीच जात नाही, आणि सुचवली तरी घरचे तयार होत नाहीत. एमआरआयचा खर्च सगळ्यांना झेपत नाही. राहते दुर्बिणीची शस्त्रक्रिया. पोटाला छिद्रे पाडून आत पाहायचे आणि तुकडा तपासायला पाठवायचा, हीच कित्येक वर्षे निदानाची पक्की कसोटी मानली जात होती. युरोपातल्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने, ‘एश्रे’ने, २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत हा आग्रह सोडला. लक्षणे आणि प्रतिमा यांवरून निदान करावे, प्रतिमेत काही दिसले नाही तरी लक्षणांवरून औषधोपचार सुरू करता येतात, शस्त्रक्रिया ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी ठेवावी, अशी ती भूमिका आहे. त्याच सूचनांत आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे: रक्त, गर्भाशयाचे अस्तर किंवा पाळीचा स्राव यांतले बायोमार्कर निदानासाठी वापरू नयेत. चाळीसेक वर्षांच्या शोधानंतरचे हे उत्तर आहे.

उशीर किती होतो? जिथे मोजले गेले तिथले आकडे अस्वस्थ करणारे आहेत. ब्रिटनमध्ये, जिथे प्रत्येकाला सरकारी खर्चाने डॉक्टर मिळतो, रुग्णांच्या संघटनेने २०२४ साली दिलेला सरासरी विलंब ८ वर्षे १० महिने आहे, आणि २०२०च्या तुलनेत तो वाढला आहे. या काळात मुलीचे दहावी-बारावीचे पेपर जातात, नोकरीतल्या रजा संपतात, लग्नानंतर शरीरसंबंधात होणाऱ्या वेदनेबद्दल ती कुणाशी बोलू शकत नाही.

आपल्याकडे हा आजार सापडतो तो बहुधा मूल होत नाही म्हणून. वंध्यत्वाच्या तपासण्यांत दुर्बीण आत जाते आणि डॉक्टर म्हणतात, एंडोमेट्रिओसिस आहे, आणि तो बराच जुना दिसतो. तिला ते माहीतच असते. बारा वर्षे ती तेच सांगत होती. तिच्या वेदनेला जो मान मिळाला नाही तो तिच्या रिकाम्या मांडीला मिळाला. हे मला सगळ्यात जास्त सलते. त्याआधी तिला मिळालेले सल्ले मराठी घरात कुणालाही पाठ असतील. ‘लग्न झालं की थांबेल.’ ‘एक मूल होऊ दे, सगळं सुरळीत होईल.’ ‘आम्ही नाही का सोसलं?’ यातला शेवटचा सल्ला देणाऱ्या आईला किंवा मावशीला स्वतःलाही हाच आजार असण्याची शक्यता कमी नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतून असे दिसते की हा आजार होण्यामागचा जवळजवळ निम्मा वाटा अनुवंशिकतेचा आहे. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पाळी म्हणजे कळा असेच समीकरण आहे, तिथे ‘बाईच्या जातीला हे असतंच’ हे वाक्य पूर्ण प्रामाणिकपणे बोलले जाते.

आणि जिथे निदान नसते तिथे दुसऱ्या टोकाची चूकही होते. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा देशभर झाली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य सरकारच्या समितीपुढे आलेल्या माहितीनुसार ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. कोयत्याने, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्याने, खाडा केला की मुकादम पैसे कापणार, पाळीत उभे राहवत नाही, पोटात दुखते, अंगावरून जाते. मग जवळच्या दवाखान्यात ‘पिशवी काढून टाका’ हा एका घावात मोकळे होण्याचा सल्ला. या स्त्रियांना एंडोमेट्रिओसिस होता असा दावा मी करत नाही. पण ओटीपोटाच्या दुखण्याचे कारण शोधण्याची पायरीच वगळली की काय होते, याचा याहून मोठा पुरावा महाराष्ट्राला नको. एंडोमेट्रिओसिसमध्ये तर नुसती पिशवी काढून दुखणे जाईल याची खात्री नसते, कारण आजार पिशवीच्या बाहेर असतो.

म्हणून सोपी, लवकरची चाचणी हवी. आता ती का सापडत नाही ते पाहू.

सीए-१२५ हे रक्तातले प्रथिन अनेकांच्या कानावरून गेले असेल. १९८१ साली रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडाशयाच्या कर्करोगाचा अभ्यास करताना ते पकडणारी प्रतिपिंडे तयार केली, त्यातून ही चाचणी आली. एंडोमेट्रिओसिसमध्येही हे प्रथिन वाढते असे दिसले आणि आशा निर्माण झाली. २०१६ साली सगळे चांगले अभ्यास एकत्र करून काढलेला हिशेब असा: आजार असलेल्या १०० जणींपैकी ही चाचणी सुमारे ५२ जणींना पकडते, आणि आजार नसलेल्या १०० जणींपैकी ९३ जणींना बरोबर ‘नाही’ म्हणते. हा हिशेब हजार स्त्रियांवर करून पाहा. त्यांतल्या १००जणींना आजार आहे असे धरले तर ५२ सापडतील, ४८ निसटतील, आणि आजार नसलेल्या ६३ जणींना उगीच ‘हो’ सांगितले जाईल. ‘हो’ म्हटलेल्यांत खऱ्यांपेक्षा खोट्या जास्त. शिवाय सीए-१२५ पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात, फायब्रॉइडमध्ये, यकृताच्या आजारात वाढते आणि पोटाच्या क्षयरोगातही वाढते. क्षयरोगाचे एवढे ओझे असलेल्या देशात हे विसरून चालत नाही. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने तर एंडोमेट्रिओसिसच्या निदानासाठी ही चाचणी करू नका असेच लिहून ठेवले आहे.

मला त्या ६३ जणींपेक्षा ४८ जणींची चिंता अधिक आहे. उगीच ‘हो’ आलेल्या स्त्रीची पुढची तपासणी होईल, काही दिवस घोर लागेल, पैसेही जातील. पण कोणीतरी तिच्याकडे पाहत राहील. निसटलेल्या ४८ जणींच्या हातात मात्र ‘सीए-१२५ नॉर्मल’ हा आणखी एक कागद पडेल, आणि सोनोग्राफीच्या कागदावर तो टाचणीने लावून फाइल बंद होईल.

२०१६ सालीच कॉक्रेन या संस्थेच्या समीक्षकांनी रक्तातल्या बायोमार्करवरचे १४१ अभ्यास तपासले. १५ हजारांहून अधिक स्त्रिया, १२२ वेगवेगळ्या खुणा. दुर्बिणीची जागा घेऊ शकेल किंवा किमान कुणाला दुर्बिणीची गरज आहे हे खात्रीने सांगू शकेल, अशी एकही खूण त्यांना आढळली नाही. एवढ्या कष्टांचे फळ इतके कमी का? उत्तर बरेचसे या अभ्यासांच्या बांधणीत आहे. जिचे निदान दुर्बिणीने पक्के झाले आहे तिचाच नमुना घ्यायचा, म्हणजे अभ्यासात येणारी स्त्री आधीच शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोचलेली असते. तिचा आजार जुना, बहुधा पुढच्या अवस्थेतला. तिची तुलना कोणाशी करायची? पुष्कळदा नसबंदीसाठी आलेल्या किंवा ठणठणीत स्त्रीशी. प्रत्यक्ष दवाखान्यात डॉक्टरांपुढचा पेच तो नसतोच. दोघींनाही सारखेच दुखते आहे, एकीला एंडोमेट्रिओसिस आहे, दुसरीला आतड्याची तक्रार किंवा जंतुसंसर्ग आहे, आणि त्यांतला फरक सांगायचा आहे. त्यात नमुना पाळीच्या कितव्या दिवशी घेतला, ती कोणत्या गोळ्या घेत होती, नमुना किती वेळ बर्फात होता, यानेही आकडे हलतात. हे सगळे एका पद्धतीने व्हावे म्हणून २०१४ साली आंतरराष्ट्रीय संशोधकांनी नमुने आणि माहिती गोळा करण्याचे सामाईक नियम केले. त्याआधीचे कित्येक अभ्यास एकमेकांशी जोडताच येत नाहीत.

अलीकडची सगळ्यात गाजलेली चाचणी फ्रान्सची. झिविग या कंपनीने लाळेतले मायक्रोआरएनए, म्हणजे पेशींमधली जनुकांचे काम कमीजास्त करणारी अगदी छोटी रेणूसाखळी, मोजून एंडोमेट्रिओसिस ओळखण्याची पद्धत काढली. अडीच हजारांहून अधिक मायक्रोआरएनए चाळून १०९ निवडले गेले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पडताळणीत २०० स्त्रिया होत्या. संवेदनशीलता, म्हणजे आजार असलेल्यांना पकडण्याचे प्रमाण, ९६ टक्के; विशिष्टता, म्हणजे आजार नसलेल्यांना बरोबर ‘नाही’ म्हणण्याचे प्रमाण, ९५ टक्के. हे आकडे ऐकून कोणालाही आनंद होईल, मलाही झाला. पण त्या २०० जणींत १५९ जणींना आजार होता, नसलेल्या फक्त ४१ होत्या. ९५ टक्के विशिष्टता म्हणजे ४१ पैकी ३९. एवढ्या थोड्या स्त्रियांवरून सगळ्या जगातल्या निरोगी स्त्रियांबद्दल बोलणे धाडसाचे आहे. आणि दर पाच जणींत चौघींना आजार असलेल्या गटात चाचणी जशी वागते तशी ती गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या मुलींत वागेलच असे नाही.

तरीही फ्रान्सने पुढे जे केले त्याचे मला मनापासून कौतुक वाटते. जानेवारी २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ यांनी एंडोमेट्रिओसिसविरुद्ध राष्ट्रीय धोरण जाहीर करताना हा केवळ बायकांचा प्रश्न नसून समाजाचा प्रश्न आहे असे सांगितले. लाळेच्या चाचणीची तिथल्या आरोग्य प्राधिकरणाने छाननी केली आणि २०२४च्या सुरुवातीला म्हटले की हे आशादायक आहे, पण पुरावा अपुरा आहे. मग २०२५ पासून ठरावीक रुग्णालयांत २५ हजार स्त्रियांसाठी सरकारने खर्च उचलला, अट एकच, की सगळी माहिती अभ्यासात जमा व्हावी. तीही आधी तपासणी, मग सोनोग्राफी-एमआरआय, आणि तरीही उलगडा न झालेल्यांसाठी तिसऱ्या पायरीवर. शंभर टक्के खात्रीची वाट पाहत बसले नाहीत आणि बाजारातही मोकळी सोडली नाही.

ऑस्ट्रेलियात १० प्रथिनांवर आधारलेली रक्तचाचणी तयार झाली आहे. २०२४च्या अखेरीस तिचे निकाल आले. गंभीर अवस्थेतला आजार ती जवळजवळ अचूक ओळखते, सुरुवातीच्या अवस्थेत तिची नजर मंदावते. अडचण इथेच आहे. गंभीर आजार अनुभवी सोनोग्राफीतही दिसतो. मला चाचणी हवी आहे ती पडद्यावरच्या त्या बारीक ठिपक्यांसाठी, आणि आजाराची अवस्था व दुखण्याची तीव्रता यांचा मेळ बसत नाही हे डॉक्टरांना चांगले ठाऊक आहे. पहिल्या अवस्थेतली मुलगी चौथ्या अवस्थेतल्या बाईपेक्षा जास्त तळमळत असू शकते.

सगळ्यात आशेचे काम मला वाटते ते पाळीच्या स्रावावरचे. न्यूयॉर्कजवळच्या फाइनस्टाइन संस्थेत क्रिस्टीन मेट्झ आणि पीटर ग्रेगर्सन यांनी स्त्रियांनी घरी गोळा करून पाठवलेल्या पाळीच्या रक्ताचा अभ्यास चालवला आहे. गर्भ रुजावा म्हणून अस्तराच्या पेशींची जी तयारी होते ती आजार असलेल्यांत कमी पडते, आणि गर्भाशयातल्या नैसर्गिक मारक पेशींचे (या रोगप्रतिकारक पेशी असतात) प्रमाणही कमी असते, असे त्यांना दिसले. २०२२ साली एकेका पेशीतली जनुके वाचून त्यांनी हा फरक दाखवला. जिथे आजाराचे मूळ असण्याची शक्यता आहे तिथलाच हा नमुना, दर महिन्याला आपोआप मिळणारा, न टोचता, न चिरता. अविवाहित मुलीच्या बाबतीत आपल्या घरांत जो प्रश्न उभा राहतो तो इथे उभाच राहत नाही. जे रक्त आपण विटाळ म्हणून कोपऱ्यात बसवले, ज्याचे कापड पुरुषांच्या नजरेआड वाळत घातले, तेच प्रयोगशाळेत सन्मानाने जाईल. असा संशोधन प्रकल्प महाराष्ट्रात का होऊ नये? मुली नमुना देणार नाहीत, असे उत्तर कोणी दिले तर ते मला मान्य नाही. नीट विचारले, कशासाठी हे सांगितले, तर मुली देतात. लाजतात ते विचारणारे.

आपल्याकडे कोरी पाटी आहे असेही नाही. परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बालआरोग्य संशोधन संस्थेत, जी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची आहे, या आजारावर बरीच वर्षे काम चालू आहे. राहुल गजभिये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली रक्तातली अशी प्रतिपिंडे दाखवली जी अस्तरातल्या काही प्रथिनांविरुद्ध तयार होतात आणि आजाराच्या सुरुवातीच्या अवस्थेतही सापडतात. मुंबईत, मुंबईच्या रुग्णांच्या रक्तावर, नेमक्या सुरुवातीच्या अवस्थेचा प्रश्न विचारला गेला होता! त्याला तपापेक्षा जास्त काळ लोटला, आणि त्यातून दवाखान्यात वापरता येईल अशी चाचणी अजून आलेली नाही. शोध लागणे आणि तो हजारो स्त्रियांवर पारखणे यांच्यामध्ये जो खर्चाचा, कंटाळवाणा, बातमी न होणारा टप्पा असतो, तिथे आपल्याकडे पैसा पोचत नाही. याच संस्थेने ऑक्सफर्डच्या सहकार्याने भारतीय स्त्रियांतल्या एंडोमेट्रिओसिसचा वैद्यकीय आणि जनुकीय अभ्यास देशातल्या अनेक केंद्रांत हाती घेतला आहे.

तो किती गरजेचा आहे ते एका उदाहरणाने सांगते. २०२३ साली या आजाराचा तोवरचा सगळ्यात मोठा जनुकीय अभ्यास आला. ६० हजारांहून अधिक रुग्ण, सात लाखांहून अधिक इतर स्त्रिया, जनुकसंचातली ४२ ठिकाणे सापडली. या सगळ्या स्त्रिया युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशाच्या. जगातली दर सहावी स्त्री भारतीय असताना त्या नकाशात आपण नाही. उद्या या ४२ ठिकाणांवर आधारलेली चाचणी पुण्या-मुंबईच्या लॅबमध्ये आली तर ती कोणाच्या शरीराचे मोजमाप कोणाला लावेल?

आणि येणार तर नक्की. आपल्याकडच्या खासगी लॅब चकचकीत पॅकेजमध्ये काय काय विकतात ते आपण पाहतो. म्हणून माझी पहिली मागणी सरकारकडे ही आहे की एंडोमेट्रिओसिसची कोणतीही चाचणी भारतीय स्त्रियांवर पडताळल्याशिवाय थेट ग्राहकाला विकू देऊ नये. पडताळणीत कोण असावे हेही आधी ठरवावे: पाळीत खूप दुखते म्हणून पहिल्यांदाच आलेल्या १५ ते २५ वयाच्या मुली, ज्यांची सोनोग्राफी स्वच्छ आहे. त्यांचे नमुने आज घ्यायचे आणि त्यांना पुढची सात-आठ वर्षे सोडायचे नाही. सगळ्यांना दुर्बिणीखाली न्यायची गरज नाही. कालांतराने कोणाचा आजार उघड झाला, कोणाचे दुखणे औषधाने शमले, हे पाहत गेले तरी चाचणीच्या पहिल्या ‘नाही’ची खरी परीक्षा होईल. आणि जी चाचणी वापरात येईल तिच्या प्रत्येक अहवालावर मराठीत, ठळक अक्षरात लिहिलेले असावे की या चाचणीत काही न आढळणे म्हणजे आजार नाही असे नव्हे, दुखत असेल तर उपचार चालू ठेवावेत.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, क्षयरोग, ॲनिमिया, माता-मृत्यू असे प्रश्न असताना हे श्रीमंतांचे चोचले कशाला? बीडच्या बायका श्रीमंत नव्हत्या. पाळीत बुडालेली मजुरी गरिबाचीच बुडते, आणि डॉक्टर बदलत फिरण्याचा खर्च गरिबालाच कर्जात घालतो. आपल्या सरकारी आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च देतात. म्हणजे शस्त्रक्रियेला पैसे मिळतील, पण चाचणी आणि महिन्याच्या गोळ्या पदरच्या. ही रचनाच बाईला चाकूकडे ढकलते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चाचणी सोपी झाली की ज्यांना कधीच त्रास झाला नसता अशांवरही आजाराचा शिक्का बसेल, नको त्या शस्त्रक्रिया वाढतील. हा धोका खरा आहे. म्हणूनच ही चाचणी शाळेतल्या सरसकट सगळ्या मुलींसाठी नसावी, दुखते आहे असे सांगणाऱ्यांसाठीच असावी. आणि ‘हो’ आले की पुढची पायरी शस्त्रक्रियेची नसून बहुतेक वेळा औषधाची असते हे डॉक्टरांनी आणि घरच्यांनी दोघांनीही समजून घ्यावे. डायनोजेस्ट हे या आजारावरचे संप्रेरकाचे औषध आपल्याकडे मिळते. त्याहून साधी गोष्ट म्हणजे संप्रेरकांची गोळी. माला-एन सरकारी उपकेंद्रात फुकट मिळते, तीही याच जातीची. पण कुटुंब नियोजनाची म्हणून ओळखली जाणारी गोळी अविवाहित मुलीला दुखण्यासाठी द्यायची म्हटले की घरात वादळ उठते. ‘पुढे मूल नाही झालं तर?’ गोळी बंद केल्यावर मूल होण्याला ती आड येत नाही, उलट आजार तसाच वाढू देणे आड येऊ शकते, हे सांगायला वेळ काढणारा डॉक्टर मिळाला तर ती मुलगी नशीबवान. डॉक्टरांनी तपासून, रक्तदाब, अर्धशिशी वगैरे विचारून ही गोळी द्यायची असते, हे ओघाने आलेच. पण तिच्यासाठी लाळेच्या अहवालाची गरज नाही. आजची औषधे उद्याच्या चाचणीसाठी अडवून ठेवण्याचे काहीच कारण नाही.

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ साली १० ते १९ वयोगटासाठी सुरू झाला. त्यातली महाराष्ट्रातली क्लिनिक ‘मैत्री’ या नावाने चालतात. वर सांगितलेला दीर्घ अभ्यास या क्लिनिकच्या आधारे उभा राहू शकतो. परळची संस्था, वैद्यकीय महाविद्यालयांचे स्त्रीरोग विभाग आणि ही क्लिनिक एवढी साखळी जोडली तरी सुरुवात होते. त्याला वेळ आणि निधी लागेल, अर्थसंकल्पात वेगळी ओळ लागेल, आणि ती मिळेपर्यंत पाठपुरावा करावा लागेल. पण तिथल्या समुपदेशक ताईंच्या हातात एक पानाचा कागद द्यायला निधी लागत नाही. पाळीत शाळा किंवा काम बुडते का? गोळी घेऊनही दुखत राहते का? त्या दिवसांत शौचाला किंवा लघवीला जाताना कळ येते का? पाळी नसतानाही ओटीपोट दुखते का? आईला, बहिणीला, मावशीला असेच व्हायचे का? यातल्या एकाचे उत्तर जरी ‘हो’ आले तरी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवण्याची चिठ्ठी ताईंनी त्याच दिवशी लिहून द्यावी.